तिसऱ्या लेनचा पुकारा

मैदानावरच्या माणसाजवळ एवढे किस्से का साठतात, सांगू? कारण शर्यत संपते मिनिटभरात आणि तिची वाट बघण्यात अख्खा दिवस जातो! लेनची चुन्याची फक्की मारून व्हायची वाट बघा, पाहुण्यांच्या हारांची वाट बघा, शिट्टी विसरून आलेल्या पंचाची वाट बघा. मग मंडळी कडुनिंबाखाली टेकणार, केडगावची पोरं हुरडा घेऊन येणार आणि कुणीतरी म्हणणार, "त्या वर्षी काय झालं..." की झालं सुरू!

आता एक आधीच सांगून ठेवतो. मला भुताखेतांचा मनस्वी कंटाळा आहे. कुणाच्या अंगात आलं की मी आधी त्याच्यावर तांब्याभर पाणी ओततो. तेव्हा मी सांगतोय ते दुपारच्या उन्हात, शेकडो माणसांसमोर घडलेलं आहे, एवढं लक्षात ठेवून ऐका. हसायचं तिथे हसा. माझी काही हरकत नाही.

'हरकत' म्हटल्यावर जगताप मास्तर आठवलेच. त्यांच्यापासूनच सुरू करू.

*

चाळीस सालानंतरची गोष्ट. आमच्या नगर जिल्ह्यात तेव्हा 'कॉलेज' हा शब्द फार स्वस्त होता. वसतिगृह, घंटा आणि मिशीवाला प्रिन्सिपॉल असला की झालं कॉलेज! आमचं नगरचं ट्रेनिंग कॉलेज, म्हणजे प्राथमिक शिक्षक तयार करणारं. केडगावचं शेतकी कॉलेज, तिथे पोरांपेक्षा बैल जास्त. शहरातली हुन्नरशाळा, तिनेही पाटी रंगवताना हळूच 'कॉलेज' चिकटवून घेतलं. आणि चौथं मिरजगावचं ट्रेनिंग कॉलेज. या चौघांनी मिळून क्रीडा मंडळ काढलं.

अध्यक्ष होते अप्पा वकील. आयुष्यात कधी धावले नाहीत, पण मंडळ चालवायचे ते कोर्टासारखं. प्रत्येक ठराव वाचला की चष्म्यावरून बघत विचारायचे, "हरकत?"

आणि केडगावचे ड्रिल मास्तर जगताप, पैलवानी अंगाचे, मागच्या बाकावरून गरजायचे, "हरकत हाय!"

चहात साखर घालण्यावर हरकत. पंचांनी टोपी घालण्यावर हरकत. एकदा वकीलसाहेब वैतागून म्हणाले, "या वर्षी मैदान साफ करून दिल्याबद्दल जगताप मास्तरांचे जाहीर आभार. हरकत?"

"हरकत हाय!"

*

मैदानावर चारच लेन बसायच्या. एका अंगाला विहीर, दुसऱ्या अंगाला दगडी भिंत. चार सभासद, चार लेन. आमची दुसरी, मिरजगावची तिसरी, केडगावची चौथी. पहिली हुन्नरशाळेची.

आमचा मोठा मान रिलेला. मैदानाची एक फेरी, चार कोपरे, प्रत्येक कोपऱ्यावर एक गडी. पहिल्याने दांडी घेऊन पळायचं, दुसऱ्याच्या हातात द्यायची, दुसऱ्याने तिसऱ्याच्या. चौथा ती घेऊन कडुनिंबाखालच्या दोरीपर्यंत आणणार. निघायचं आणि पोचायचं ठिकाण एकच. दांड्या हुन्नरशाळेच्या लोंढे मास्तरांनी स्वतः लेथवर कातलेल्या, प्रत्येक कॉलेजाच्या रंगाची चिंधी गुंडाळलेल्या. मिरजगावची निळी.

वकीलसाहेबांनी इथेही कोर्ट घुसवलं. शर्यतीआधी प्रत्येक सभासदाचा तीन वेळा पुकारा करायचा. "मिरजगाव कॉलेज हाजिर है?" असा, पट्टेवाला देतो तसा. आणि संघ आला नसला तरी त्याची दांडी त्याच्या लेनमध्ये रेषेवर ठेवायची. "पक्षकार गैरहजर असला म्हणून त्याचा दावा उचलून फेकता येत नाही," असं त्यांचं म्हणणं.

आम्ही पोरं तेव्हा या पुकाऱ्याला पोट धरून हसायचो.

*

मग ते वर्ष आलं. लढाई चालू होती, पेट्रोल मिळत नव्हतं. सर्व्हिस मोटारी कोळशाच्या गॅसवर चालायच्या. मागे भट्टी बांधलेली आणि चढ आला की उतारूंनी उतरून ढकलायचं. मिरजगावचा संघ त्याच मोटारीने यायचा, त्यामुळे त्यांचा उशीर आम्ही धरूनच चालायचो.

त्यांचा गुलाब शेख मात्र एकटाच वेळेवर हजर! बहिणीच्या लग्नासाठी आठवडाभर सुप्याला होता, तिथून परस्पर आला होता. तो त्यांचा चौथा गडी, मी आमचा चौथा. चौथ्या कोपऱ्यावर आम्ही शेजारी शेजारी उभे राहिलो. मी विचारलं, "अरे, तुझे बाकीचे कुठंयत?"

"येत्यात की. रंगानं निघतानाच सांगितलंय, तू फकस्त चौथ्या कोपऱ्यावर उभा ऱ्हा, दांडी आमी आनतो."

रंगा म्हणजे त्यांचा तिसरा गडी. त्याच्या हातून गुलाबच्या हातात दांडी यायची. घोगऱ्या आवाजाचा, दांडी देताना "घे! घे!" असा ओरडायचा की आमच्यासुद्धा कानठळ्या बसायच्या.

पुकारा झाला. मिरजगावचा कुणी आला नाही. शिट्टी झाली. माझी दांडी आली, मी पळालो, आम्ही जिंकलो. पोरांनी मला खांद्यावर घेतलं. वरून बघतो तर गुलाब तिथेच उभा. पाय रोवलेले, हात मागे, तळवा उघडा.

संध्याकाळी मोटार आली. ड्रायव्हरने सांगितलं, मिरजगावच्या वसतिगृहात पटकीची साथ शिरलीय. रंगा आणि त्यांचे दुसरे दोघे आदल्याच दिवशी गेले होते.

मी जिंकलेला कप त्या दिवशी घरी नेला नाही. नेववला नाही.

*

ते कॉलेज पुन्हा उघडलंच नाही. उरलेली पोरं इकडेतिकडे वाटली, गुलाब आमच्या कॉलेजात आला. तो आमच्यात आला म्हणून मला कोण आनंद! मी म्हटलं, आता आपली रिले जिल्ह्यात कुणाच्या बापाला ऐकणार नाही.

तो म्हणाला, "मी मिरजगावचा हाय. माझी पाळी ऱ्हायलीय."

मंडळाच्या बैठकीत वकीलसाहेब उभे राहिले. म्हणाले, "मिरजगावने राजीनामा दिलेला नाही. मंडळाने त्यांना काढलेलं नाही. सबब सभासदत्व कायम. लेन आखली जाईल, दांडी ठेवली जाईल, पुकारा होईल. हरकत?"

"हरकत हाय! बंद पडल्याल्या कॉलेजाच्या लेनला फक्की कोन देनार?"

"मी देईन," वकीलसाहेब म्हणाले. आणि खरंच, दर वर्षी फक्कीचं एक पोतं त्यांच्या घरून यायचं.

पुढच्या स्पर्धेला पुकारा झाला, निळी दांडी रेषेवर ठेवली गेली, आणि गुलाब चौथ्या कोपऱ्यावर जाऊन उभा राहिला. हात मागे. शर्यत त्याच्या दोन्ही बाजूंनी निघून गेली. मग तो हात झटकत परत आला आणि आमच्याबरोबर हुरडा खायला बसला. दर वर्षी हेच. शिकून मास्तर झाला, मिरजगावकडच्या शाळेत लागला, तरी त्या दिवशी रजा काढून हजर!

मी एकदा चिडून म्हटलं, "अरे, एवढंच असेल तर मी तुला दांडी आणून देतो. पळ आणि मोकळा हो!"

"तुमी कशाला? त्यांनी सांगितलंय आनतो म्हनून. ते आले आनि मी जाग्यावर नसलो, तर?"

मी हुरडा चघळत बसलो.

*

त्याच सुमाराला केडगावचा एक पोरगा होता, दगडू. जगताप मास्तरांच्या भाषेत "निस्ता खायला आनि झोपायला." गडी आजारी पडला म्हणून त्याला चौथ्या लेनमध्ये पळवलं, म्हणजे रिकाम्या लेनच्या शेजारी. आणि दगडूने सगळ्यांना मागे टाकलं!

जगताप मास्तरांनी त्याला गाठलं. "लेका, येवढा पळलास कसा?"

दगडूला धाप लागलेली. "मास्तर, आतल्या अंगानं कुनीतरी पुढं निघत हुतं. त्याचा दम माज्या कानात येत हुता. म्या म्हनलं, ह्याला जाऊ द्यायचं न्हाई."

आतल्या अंगाला होती तिसरी लेन.

झालं! पुढच्या वर्षी सगळ्यांनाच रिकाम्या लेनचा शेजार हवा. पोरं भ्यायची, पण पळायची वाऱ्यासारखी. पहिल्या लेनच्या लोंढे मास्तरांनी बैठकीत रीतसर तक्रार केली, "अध्यक्षमहाराज, हा अन्याय आहे. आमच्या पोरांच्या शेजारी नुसती माणसंच पळतात!"

*

लोंढे मास्तर म्हणजे भला माणूस. चर्चमध्ये पेटी वाजवायचे, सुतारकी शिकवायचे आणि मैदानावर डुलक्या काढायचे. दोरीपाशी प्रत्येक लेनला एक पंच घड्याळ घेऊन बसायचा. तिसऱ्या लेनचं काम लोंढे मास्तर मुद्दाम मागून घ्यायचे, कारण तिथे काही कामच नव्हतं! शिट्टीला खटका दाबायचा आणि डोळे मिटायचे.

एका वर्षी रिले संपली. आकडे गोळा करताना वकीलसाहेबांनी सवयीने विचारलं, "तिसरी लेन?"

लोंढे मास्तर दचकून जागे झाले. घड्याळ बघितलं. ते थांबलेलं होतं.

"मी दाबलं नाही हो! मी झोपलो होतो. शपथेवर सांगतो."

कुणी हसलं, कुणी म्हणालं झोपेत अंगठा लागला असेल. मलाही तेच वाटलं, अजूनही वाटून घेतो. पण वकीलसाहेबांनी ते घड्याळ बाकीच्यांच्या शेजारी धरलं, बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "तिसरा नंबर. केडगावच्या पुढे, हुन्नरशाळेच्या मागे."

मग हळूच म्हणाले, "मिरजगावचा नेहमी तिसराच यायचा."

*

पुण्याहून एकदा एक नावाजलेले धावपटू पाहुणे आले. पांढरी पँट, पांढरे बूट, आमच्या मैदानाकडे बघून नाकाला रुमाल. पोरांना धावून दाखवतो म्हणाले. आम्ही त्यांना पहिली लेन दिली. त्यांना तिथे खडे दिसले.

"मधली ती छान आहे की! वापरलेली दिसत नाही."

आम्ही एकमेकांकडे बघितलं. पाहुण्याला काय सांगणार? गृहस्थ तिसऱ्या लेनमध्ये उतरले आणि पळाले. अहो, काय पळाले! पोरं तोंडं उघडी टाकून बघत राहिली. आणि चौथा कोपरा आला तसा त्यांचा उजवा हात आपोआप मागे गेला. तळवा उघडा.

लगेच ते थबकले. वळून बघितलं. तरातरा आमच्याकडे आले.

"तुमची पोरं फार वात्रट आहेत! पळताना मागून 'घे, घे' म्हणून ओरडायचं असतं का?"

त्यांच्या मागे कुणीही नव्हतं. सगळी पोरं आमच्याजवळ कडुनिंबाखाली बसलेली होती.

गुलाब पुढे झाला. "सायेब, आवाज कसा हुता? घोगरा?"

"हो, घोगरा. चांगला कानाशी!"

गुलाब मटकन खाली बसला आणि रडायला लागला. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो म्हणाला, "रंगा मला हुडकतोय. दुसऱ्यालाच दांडी द्यायला निघाला हुता."

पाहुणे चहा न घेता गेले.

*

स्वातंत्र्य आलं. जिल्ह्यात खरं, डिग्री देणारं कॉलेज निघालं आणि त्यांनी मंडळाचं सभासदत्व मागितलं. मागणी रास्तच होती. खेळाडू पोरं होती, उत्साह होता. पण लेन चारच. विहीर हलवता येत नव्हती आणि भिंतही.

बैठक झाली. प्रश्न सरळ होता. मिरजगावला काढायचं की नाही?

गुलाबला बोलायची परवानगी दिली. तो उठला, हातातली टोपी फिरवत राहिला. म्हणाला, "लेन गेली तर ते पळनार कुठनं? मला बक्षीस नको, काय नको. निस्ती माझी पाळी हुईपत्तर लेन ऱ्हाऊ द्या. यवढी वर्सं थांबलात, आनखी जरा थांबा."

कुणाला वर बघवेना. वकीलसाहेब आता थकले होते. घसा साफ करून म्हणाले, "यंदाच्या रिलेला तिसरी लेन मिरजगावच्या नावाने राहील. त्यानंतर लेन नव्या सभासदाकडे जाईल. हरकत?"

"हरकत हाय!"

आम्ही वळून बघितलं. जगताप मास्तर उभे होते, डोळे लाल.

"जो पक्षकार दर वर्साला हजर ऱ्हातो, त्याला तुमी गैरहजर कसं म्हनता? माझी हरकत हाय!"

मतं घेतली. ठराव पास झाला. मीही तोवर आमच्या कॉलेजाच्या वतीने मंडळावर आलो होतो. मी ठरावाच्या बाजूने हात वर केला. दुसरा मार्ग दिसत नव्हता, पण हात खाली घेताना जड झाला होता.

बाहेर पडताना गुलाब मला म्हणाला, "म्हंजे ह्या वर्साला आले न्हाईत तर संपलं."

*

त्या दिवशी पुकारा देणारा मीच होतो. शिट्टीही माझीच. वकीलसाहेब खुर्चीत शाल पांघरून बसले होते. लोंढे मास्तर तिसऱ्या लेनचं घड्याळ घेऊन बसले होते, पण त्या दिवशी टक्क जागे. जगताप मास्तरांनी चौथ्या कोपऱ्यावरची पंचगिरी मागून घेतली होती. दांडी नीट दिली-घेतली की नाही, खाली पडली का, फेकली का, हे बघणारा तो पंच.

ऊन चांगलं लख्ख होतं. मी निळ्या चिंधीची दांडी तिसऱ्या लेनमध्ये रेषेवर माझ्या हाताने ठेवली.

"मिरजगाव कॉलेज हाजिर है?"

पोरं आधी हसायची. त्या दिवशी कुणी हसलं नाही. दुसऱ्यांदा पुकारा केला. तिसऱ्यांदा केला तेव्हा माझा आवाज फाटला. लांब कोपऱ्यावर गुलाब उभा होता. हात मागे, तळवा उघडा.

शिट्टी मारली. तिन्ही संघ सुटले. मी पळणाऱ्यांच्या मागे नजर फिरवत राहिलो. पहिला कोपरा गेला, दुसरा, तिसरा. चौथ्यावर आमच्या पोराने दांडी घेतली, केडगावच्याने घेतली, हुन्नरशाळेच्याने घेतली. सगळे गुलाबला मागे टाकून दोरीकडे आले. टाळ्या पडल्या, पोरं नाचायला लागली.

तेवढ्यात टाळ्या थांबल्या. गुलाब पळत येत होता!

एकटाच. टोपी उडालेली, धोतराचा काचा मारलेला, मुठी आवळून, तोंड उघडं टाकून, रडतोय की हसतोय कळत नव्हतं. मला वाटलं, बिचाऱ्याचा धीर सुटला. आज शेवटचं म्हणून नुसताच पळून घेतोय. मलाही भरून आलं. पोरांनी दोन्ही बाजूंनी ओरडायला सुरुवात केली, "पळ मास्तर, पळ!" आणि तो दोरी ओलांडून माझ्या अंगावरच येऊन आदळला.

"घ्या," तो म्हणाला. "दिली त्यांनी."

त्याच्या हातात निळ्या चिंधीची दांडी होती.

मी खाली बघितलं. रेषेवर, तिसऱ्या लेनमध्ये, काही नव्हतं. मंडळाकडे निळी दांडी एकच होती. रेषेपासून चौथ्या कोपऱ्यापर्यंत मैदानाच्या तीन बाजू, आणि गुलाब शर्यतभर त्या कोपऱ्यावरून हलला नव्हता, पळत येताना कुठे वाकलाही नव्हता, हे सगळ्या मैदानाने बघितलं होतं.

मी दांडी हातात घेतली. गुलाबने धरली होती ते टोक घामाने ओलं होतं. दुसरं टोकही ओलं होतं.

मी ती वकीलसाहेबांच्या हातात दिली. त्यांनी दोन्ही टोकांना बोट लावून बघितलं. शाल बाजूला केली, उठून उभे राहिले. चौथ्या कोपऱ्यावरून जगताप मास्तर सावकाश चालत येत होते. जवळ आले, थांबले. वकीलसाहेबांनी चष्म्यावरून त्यांच्याकडे बघितलं.

"हरकत?"

जगताप मास्तरांनी एकवार चौथ्या कोपऱ्याकडे वळून बघितलं. मग म्हणाले,

"हरकत न्हाई, वकीलसायेब. दांडी हातातून हातात दिलीय."